घसरणीची चाहूल

दीर्घ मुदतीचे आजार घेऊन जगणाऱ्या वृद्ध माणसाभोवती तीन वेगवेगळे प्रश्न असतात. डॉक्टरांचा प्रश्न साखर, रक्तदाब आणि क्रिएटिनिन यांच्या आकड्यांचा असतो. घरच्यांचा प्रश्न बहुधा खोलीबाहेर येऊन, दबक्या आवाजात विचारला जातो: अजून किती वर्षे? खुद्द त्या माणसाच्या मनात मात्र तिसरेच काहीतरी चाललेले असते. पुढच्या वर्षी या दिवसांत माझी आंघोळ मला करता येईल का? देवळापर्यंत जाऊन यायला कुणाचा हात धरावा लागेल का? रात्री उठायचे झाले तर सुनेला जागे करावे लागेल का? ‘हातीपायी धड आहे तोवर देवाने न्यावं,’ असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणतात. त्यात मरणाच्या इच्छेपेक्षा परावलंबी होण्याची धास्ती मोठी असते. पहिल्या दोन प्रश्नांसाठी वैद्यकाकडे आज पुष्कळ साधने आहेत. तिसऱ्याकडे त्याने फार उशिरा आणि अपुरे लक्ष दिले. पुढील पानांचा विषय हा तिसरा प्रश्न आहे. त्याबाबतीत माझे मत असे की या प्रश्नाचे उपयोगी पडेल इतके उत्तर आधी देता येते, आणि त्याच्या खुणा तपासणीच्या अहवालाआधी रोजच्या वावरात व त्या माणसाच्या स्वतःच्या बोलण्यात दिसतात. असे भाकीत करणाऱ्यावर पुढची कृती करण्याची जबाबदारीही येते.

आधी या प्रश्नाचा आवाका पाहू. २०११च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त होते आणि गोव्यात त्याहूनही जास्त. २०१७-१८मध्ये मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ हे देशव्यापी सर्वेक्षण केले. पंचेचाळीस वर्षांपुढच्या सत्तर हजारांहून अधिक लोकांकडे जाऊन केलेल्या या पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आंघोळ, कपडे, शौच, उठबस यांपैकी निदान एक काम जड जात होते. स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे अशा जरा वरच्या पायरीच्या कामांपैकी एखादे जड जाणारे जवळपास निम्मे होते. या दोन आकड्यांमधले अंतर मला फार बोलके वाटते. हिशेब किंवा बाजारहाट जमेनासा झाला आहे, पण आंघोळ अजून स्वतःची स्वतः होते, अशी कोट्यवधी माणसे त्या अंतरात उभी आहेत. सावध करता येईल आणि सावरता येईल असा काळ हाच.

जीवनमान मोजायचे म्हणजे काय, यावर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात तयार केलेल्या सव्वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग आहेत. या मोजणीत गरजांना पैसे पुरतात का आणि रोजच्या आयुष्यात सुरक्षित वाटते का, हेही येते, आणि माझ्या दृष्टीने तेच तिचे बळ आहे. जगभर वापरली जाणारी छत्तीस प्रश्नांची एक अमेरिकी प्रश्नावली मात्र मध्यम श्रमाचे उदाहरण म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे आणि गोल्फ खेळणे देते. सातारा जिल्ह्यातल्या सत्तरीच्या शेतकरी बाईला तो प्रश्न विचारून मिळणाऱ्या उत्तराला अर्थ नसतो. तिचे आयुष्य कुठे अडू लागले आहे हे पाहायचे तर वेगळे विचारावे लागते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का, उकिडवे बसता येते का, एसटीची पायरी आधाराशिवाय चढता येते का, पाण्याची कळशी उचलवते का? देशी शौचालयावर बसून उठणे ही तर आपल्याकडची रोजची शक्तिपरीक्षा आहे, आणि ती नापास झाल्याचे बरीच माणसे संकोचाने महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत. परक्या मोजपट्ट्या टाकून द्याव्यात, असे मी म्हणत नाही. त्यांच्यातून मिळालेले ज्ञान मोलाचे आहे. फक्त पट्टी आपल्या जगण्याला लावताना तिच्यावरच्या खुणा बदलून घ्याव्या लागतात.

त्या ज्ञानाचा मोठा भाग दिसायला अगदी साध्या निरीक्षणांतून आला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये आंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे अशा सहा कामांची यादी प्रसिद्ध केली. आजारी वृद्धांमध्ये ही कामे साधारण ठरावीक क्रमाने सुटतात आणि बरे होताना उलट्या क्रमाने परत येतात, असे त्यांना दिसले होते. बहुतेकांमध्ये आंघोळ आधी सुटते, जेवण शेवटी. पुढची पायरी १९९५मध्ये जॅक गुरालनिक यांच्या अभ्यासाने गाठली. सत्तरीपुढच्या आणि तोवर कोणतीही अडचण नसलेल्या हजारांहून अधिक लोकांच्या तीन चाचण्या घेतल्या गेल्या: तोल सांभाळून उभे राहणे, थोडे अंतर चालणे आणि हात न वापरता खुर्चीतून पाच वेळा उठणे. चार वर्षांनी पाहिले, तर सर्वांत कमी गुण मिळालेल्यांना अपंगत्व येण्याची शक्यता सर्वाधिक गुणवाल्यांच्या चारपटीहून अधिक निघाली. मोजणीच्या दिवशी ही सगळी माणसे स्वतःला धडधाकट म्हणवत होती, हे इथे विशेष लक्षात घ्यावे. २००१मध्ये लिंडा फ्रीड यांनी ‘फ्रेल्टी’ म्हणजे वार्धक्यातली दुर्बलता पाच खुणांनी ओळखण्याची पद्धत दिली: आपोआप घटलेले वजन, सततचा थकवा, पकडीतला कमकुवतपणा, मंदावलेली चाल आणि घटलेली हालचाल. पुढे २०११मध्ये नऊ अभ्यासांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र करून स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वय, लिंग आणि चालण्याचा वेग एवढ्यावरून आयुर्मर्यादेचा बांधलेला अंदाज जुने आजार, रक्तदाब, वजन, धूम्रपान, रुग्णालयातले मुक्काम असे सगळे धरून बांधलेल्या अंदाजाइतकाच नेमका असतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, डोळे, कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि मेंदू या सगळ्यांना एका वेळी काम करावे लागते. यांपैकी कोणाचीही ताकद कमी झाली की चाल मंदावते. मधुमेह, सांधेदुखी आणि हृदयविकार एकाच शरीरात एकत्र काय करत आहेत हे कोणत्याही एका रक्ततपासणीत दिसत नाही. चालीत ते दिसते.

माणसाच्या स्वतःच्या मताचे काय? ‘तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे?’ हा एकच प्रश्न वैद्यकाला फार काळ ढोबळ वाटत आला. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७मध्ये सत्तावीस अभ्यास तपासले, तेव्हा बहुतेकांत या एका उत्तराने पुढच्या मृत्यूचा अंदाज इतर सगळे धोके हिशेबात घेतल्यावरही दिला होता. या बाबतीत पुणे जिल्ह्याकडे स्वतःचा पुरावा आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू आणि परिसरातल्या गावांची लोकसंख्या वर्षानुवर्षे नोंदीखाली ठेवली आहे. तिथे सिद्धिविनायक हिरवे, संजय जुवेकर आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक ग्रामस्थांना तब्येत आणि जीवनमान यांबद्दल विचारले. वय वाढेल तसे जीवनमान घसरते, स्त्रियांचे अधिक घसरते आणि जोडीदारासह राहणाऱ्यांचे तुलनेने टिकून राहते, असे चित्र २०१०मध्ये मांडले गेले. मग याच लोकांचा पुढे मागोवा घेतल्यावर दिसले की स्वतःची तब्येत वाईट आहे असे सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही खरेच जास्त होते, आणि हा संबंध पुरुषांत स्त्रियांपेक्षा ठळक होता. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनीही स्वतःच्या शरीराबद्दल दिलेला निवाडा इतका नेमका ठरतो. म्हणून मी या एका प्रश्नाला महागड्या चाचण्यांच्या बरोबरीने बसवतो.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. म्हातारी माणसे खरे सांगतात का? बरीच जण ‘चाललंय आपलं’ म्हणून विषय संपवतात. शिवाय माणूस आजाराशी जुळवून घेतो. गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपले आयुष्य चांगले किंवा उत्तम चालले आहे असे सांगतात, हे गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी १९९९मध्ये नोंदवले होते. आजारपणात माणसाची ‘चांगले’ म्हणण्याची कसोटीच सरकते, हेही संशोधनात मान्य झालेले आहे. आक्षेप खरा आहे, पण त्याने प्रश्न बाद होत नाही. तो विचारण्याची रीत बदलावी लागते. एका माणसाच्या उत्तराची दुसऱ्याच्या उत्तराशी तुलना केली तर स्वभाव, संकोच आणि सोशीकपणा यांची सरमिसळ होते. त्याच माणसाच्या गेल्या वर्षीच्या उत्तराशी तुलना केली तर ही सरमिसळ बरीच गळून पडते. नेहमी ‘बरं आहे’ म्हणणारी आजी यंदा ‘काही खरं नाही’ म्हणाली, तर ती खूण आहे. तिच्या शब्दाला तिच्या चालण्याची जोड दिली की ती पक्की होते. बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज यापेक्षा भरवशाचा असतो असे मानण्याचेही कारण नाही. निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २०००मध्ये मरणासन्न रुग्णांबद्दल डॉक्टरांनी बांधलेले अंदाज तपासले. पाचांपैकी एकच अंदाज नेमका ठरला आणि बहुतेक चुका जास्त आशावादी होत्या. रुग्णाशी अधिक काळची ओळख असलेल्या डॉक्टरांचे अंदाज तर जास्त चुकले.

घसरण सर्वांची एकसारखी नसते, आणि एकच सूत्र सगळ्यांना लावणाऱ्याची चूक तिथेच होते. कर्करोगात माणूस पुष्कळ काळ सावरलेला राहतो आणि शेवटच्या काही महिन्यांत झपाट्याने उतरतो. हृदयाची क्षमता घटलेल्या किंवा फुप्फुसांच्या जुन्या विकाराच्या रुग्णात उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो. दम लागतो, रुग्णालय होते, माणूस सावरतो, पण पूर्वीच्या पातळीवर येत नाही. स्मृतिभ्रंश आणि दुर्बलतेत वर्षानुवर्षे हळूहळू झिजणे असते. त्यात नेमका दिवस दाखवता येत नाही, म्हणून घरातही कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या प्रकारातल्या माणसांसाठी रुग्णालयातला मुक्काम हीच मोठी धोक्याची जागा असते. केनेथ कोविन्स्की यांच्या २००३च्या अभ्यासात सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के लोक घरी परतताना आजारापूर्वीपेक्षा अधिक परावलंबी झालेले होते. ज्या न्यूमोनियासाठी दाखल केले तो बरा होतो आणि पाय मात्र गेलेले असतात. आठवडाभर पलंगावर पडून राहणे, अपुरे खाणे, सलाइनची नळी आणि लघवीची पिशवी यांनी बांधून ठेवलेले शरीर, झोपेच्या गोळ्या: प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण होते, पण त्यांची बेरीज कुणी केली नाही. डिस्चार्ज कार्डावर निदान आणि औषधे असतात. दाखल होताना आजोबा कितपत चालत होते आणि जाताना कितपत चालतात, ही ओळ त्यावर नसते. ती असायलाच हवी असे मला वाटते.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच, आधी कळून काय करणार? याला सर्वांत ठाम उत्तर अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातून आले आहे. थॉमस गिल आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ७५४ लोकांशी १९९८पासून दर महिन्याला संपर्क ठेवला. त्यांचा २००४मधला निष्कर्ष असा की नव्याने परावलंबी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक वर्षभरात पुन्हा स्वतंत्र झाले होते. वर्षातून एकदाच पाहणाऱ्याला हे पडणे-उठणे दिसलेच नसते. अर्थात एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते, आणि म्हणूनच वेळीच कळणे उपयोगाचे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ या अमेरिकी प्रयोगात सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ लोकांपैकी निम्म्यांना चालणे, ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम दिला, उरलेल्यांना आरोग्यविषयक वर्ग. सरासरी अडीच वर्षांनी चालण्याची गंभीर अडचण पहिल्या गटात ३०.१ टक्के आणि दुसऱ्यात ३५.५ टक्के लोकांना आली. फरक चमत्काराचा नाही. शंभरांमागे पाच माणसे आपल्या पायांवर राहिली एवढाच, पण ती पाच माणसे कोणत्याही औषधाविना राहिली. मोतीबिंदू काढणे, कानाला यंत्र, दातांची कवळी, जेवणात वाढवलेली डाळ-अंडी-दूध, विधवा झाल्यानंतरच्या खिन्नतेवर उपचार, न्हाणीघरात धरायला दांडी आणि रोजच्या आठ-दहा गोळ्यांची छाननी यांचीही भर त्यात घालावी. पावसाचा अंदाज वर्तवल्याने पाऊस बदलत नाही. माणसाच्या घसरणीचा अंदाज मात्र वेळेवर सांगितला आणि त्यावर काम झाले तर खोटा पाडता येतो. इथे भाकीत खोटे ठरले तर ते यश मानायचे असते.

आता संगणकी प्रारूपांकडे वळू, कारण या विषयावरचे सर्वाधिक उत्साही लेखन हल्ली त्यांच्याबद्दल असते. शेकडो घटक एकत्र तोलण्याची ताकद यंत्रात आहे आणि तिचा उपयोग करावा, याबद्दल मला शंका नाही. पण यंत्राला काय मोजायला शिकवले, हा प्रश्न आधी विचारायला हवा. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या एका प्रारूपाची तपासणी केली. जास्त देखभालीची गरज कुणाला, हे ते पुढच्या वैद्यकीय खर्चावरून ठरवत होते. तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत आला होता, म्हणून ते यंत्राला तब्येतीने बरे वाटले. ही चूक सुधारली असती तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. आपल्याकडे हाच सापळा आणखी खोल आहे. मेळघाटातली किंवा जतमधली म्हातारी रुग्णालयात पोहोचतच नाही. तिच्या नावावर तपासण्या नाहीत, विम्याचे दावे नाहीत, दाखल झाल्याची नोंद नाही. केवळ रुग्णालयांच्या नोंदींवर पोसलेल्या प्रारूपाच्या हिशेबी ती ठणठणीत ठरेल. स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१२च्या अभ्यासात अतिवंचित वस्त्यांतल्या माणसांना एकाहून अधिक आजार सधन वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी जडत असल्याचे दिसले. गरिबीचे वय असे शरीरात आधी येते. म्हणून उत्पन्न, एकटेपण, घरातली जागा, पाणी किती लांबून आणावे लागते, या गोष्टी भाकितात धराव्याच लागतात. ज्या देशात केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपये आहे, तिथे घसरणीच्या धोक्याचे मूळ केवळ स्वादुपिंडात शोधून चालणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ‘हा माणूस घसरणार’ असा शिक्का बसला की लोक त्याच्यावरचा खर्च आणि लक्ष काढून घेतील, विमा कंपनी हप्ता वाढवेल, घरात जमिनीच्या वाटणीची घाई सुरू होईल, आणि त्या माणसाचा उरलेला धीरही जाईल. या भीतीला जागा आहे. तिच्यावरचा इलाज भाकीत लपवण्यात नाही, ते कुणाच्या हाती आणि कशासाठी द्यायचे हे ठरवण्यात आहे. पहिला अधिकार त्या वृद्धाचा. त्याच्याशी आधी बोलल्याशिवाय मुलांना बाजूला घेऊन सांगण्याची आपल्याकडची रूढी प्रेमापोटी आली असली, तरी ती त्याला त्याच्याच आयुष्याच्या निर्णयातून वगळते. दुसरे, शक्यतेला शिक्षेसारखे सांगू नये. शंभरांतल्या साठ जणांबाबत जे घडते ते समोर बसलेल्या एकाबाबत घडेलच असे नसते, आणि सांगणाऱ्याने हे शब्दांत सांगितले पाहिजे. तिसरे, असे भाकीत अनेकदा उपचार सौम्य करण्याच्या बाजूने असते आणि त्यात रुग्णाचे हित असते. अनेक आजार असलेल्या दुर्बल मधुमेही वृद्धासाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनसुद्धा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, म्हणजे एचबीएवनसीचे, ध्येय ८ टक्क्यांपर्यंत सैल करायला सांगते, कारण साखर एकाएकी उतरून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे त्याच्यासाठी दूरच्या गुंतागुंतींहून जवळचे संकट असते. घसरण ओळखता आली नाही तर पन्नाशीच्या माणसाचे नियम ऐंशीच्या माणसाला लावले जातात.

हे सारे आपल्या गावांपर्यंत न्यायचे तर सुरुवात शून्यापासून करायची नाही. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा सेविका घरोघरी जो फॉर्म भरतात, त्याच्या सुधारित आवृत्तीत साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, खाणे, कपडे, आंघोळ यांसाठी कुणाची मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी वेगळी ओपीडी, त्यावरच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, अशी तरतूद आहे. नसतो तो यांच्यामधला दुवा. आशाताईंचा फॉर्म आज प्रामुख्याने आजार कुणाला आहे हे शोधण्यासाठी भरला जातो, आणि गेल्या वर्षीचे उत्तर या वर्षीच्या उत्तराशेजारी ठेवून कुणी पाहत नाही. त्यात चार मीटर चालायला लागलेले सेकंद आणि ‘एकंदरीत तब्येत कशी आहे’ या प्रश्नाचे उत्तर एवढ्या दोनच नोंदींची भर घालावी. त्या दर सहा महिन्यांनी एकाच ओळीत लिहाव्यात, आणि दोहोंपैकी एकही बिघडली तर त्या आठवड्याच्या ओपीडीच्या यादीत त्या व्यक्तीचे नाव तिच्या आधी पोहोचलेले असावे. तिथे तिच्या गोळ्या पाहिल्या जाव्यात, डोळे पाहिले जावेत, वजन घेतले जावे, आणि घरी जाताना खुर्चीतून उठण्याचा व्यायाम तिच्याकडून करून घेतला जावा.